वाचकांचे प्रश्न : ओजेटी, अप्रेंटिसशिप आणि त्यापुढचं

प्रश्न : एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांची ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीतल्या औषध कंपन्यांना मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. घरून लांब राहणं परवडणार नाही. काय करावं?
— विद्यार्थिनी, अंबाजोगाई

आधी हिशेब करू. १ श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे ४ श्रेयांकांचे १२० तास. आठ तासांची पाळी धरली तर १५ दिवस, सहा तास धरले तर २०. एवढ्या मुदतीसाठी औषध कंपनीची क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅब ही सगळ्यांत अवघड जागा. तिथल्या प्रत्येक नोंदीची तपासणी होते, आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद नसलेल्या माणसाला उपकरणाला हात लावू देत नाहीत. तुमचं प्रशिक्षण संपेपर्यंत तुमचे पंधरा दिवस संपलेले असतात. त्यामुळे नकारात तुमच्या गुणांचा दोष नाही. शिवाय वेबसाइटवरचा ‘इन्फो’ने सुरू होणारा पत्ता बहुतेक ठिकाणी विक्रीची चौकशी बघणाऱ्याकडे असतो. तुमचा मेल लॅबपर्यंत पोचलाच नसण्याची शक्यता जास्त.

तुमच्या भागात साखर कारखाने आहेत, त्यांच्याकडे वळा. गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं आणि ऊस कमी असेल त्या वर्षी लवकर आटोपतं, म्हणून जानेवारीतच गाठा. मार्चमध्ये गेलात तर लॅबमध्ये साफसफाई चाललेली दिसेल. भेटायचं ते चीफ केमिस्टना, ऑफिसातल्या बाबूंना नाही. तिथे रसाचा ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) काढतात, त्यावरून शुद्धता (पोल भागिले ब्रिक्स, गुणिले १००); शिवाय बॉयलरच्या पाण्याचा पीएच, कठीणपणा, टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि सांडपाण्याचा सीओडी (प्रदूषणाचं एक माप) तपासतात. अहवालाला विषयही तिथेच मिळतो: पंधरा दिवस मिश्र रसाची आणि शेवटच्या मळीची शुद्धता नोंदवा आणि साखर कुठे वाया जाते ते मांडा. परीक्षकांना इंटरनेटवरून उतरवलेल्या वीस पानांपेक्षा हे कितीतरी बरं वाटेल.

हंगाम हुकला तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत विचारा. फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा या रोजच्या चाचण्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. आपल्या तालुक्यातल्या विहिरी आणि बोअरचे आकडे या मर्यादेशी ताडले तरी अहवाल उभा राहतो. सरकारी ठिकाणी परवानगीला वेळ लागतो, महिनाभर आधी अर्ज द्या.

जाताना विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र हवं. त्यात तारखा, एकूण तास, मार्गदर्शक शिक्षकांचा फोन आणि ‘मानधनाची अपेक्षा नाही’ हे वाक्य असू द्या. अपघात विम्याची प्रत बऱ्याच ठिकाणी फाटकावरच मागतात, ती कॉलेजकडून आधी घ्या. आणि ‘मला संधी द्या’ असं म्हणू नका. ‘मला टायट्रेशन आणि पीएच मीटर येतं, दुपारच्या पाळीत नमुने आणून नोंदी ठेवीन’ असं सांगा. समोरच्याला तुम्हाला कुठे बसवायचं ते लगेच कळतं.

हजेरीवर रोजच्या रोज सही घ्या. शेवटच्या दिवशी एकदम घेऊ म्हणाल तर साहेब नेमके रजेवर असतात. प्रमाणपत्र लेटरहेडवर, त्यावर ‘पासून-पर्यंत’ तारखा आणि एकूण तास लिहिलेले हवेत. ‘एक महिना काम केले’ एवढंच लिहिलेल्या प्रमाणपत्रावर श्रेयांक अडकतात.

प्रश्न : एका कंपनीकडून घरबसल्या इंटर्नशिपसाठी निवड झाल्याचा मेल आला. ३,५०० रुपये ‘परत मिळणारं डिपॉझिट’ भरायला सांगतात. भरू का?
— बी.कॉम. तृतीय वर्ष, परभणी

नाही. मुलाखत न घेता निवड आणि निवड झाल्यावर पैसे, एवढ्यावर विषय संपतो. खात्री करायचीच असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तिचा सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) शोधा आणि मेल कंपनीच्या डोमेनवरून आला की जीमेलवरून ते पाहा. नोंदणी खरी असली तरी पैसे मात्र भरायचे नाहीत. आधार-पॅनची प्रतही देऊ नका. आधीच भरले असतील तर लगेच १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा. जितक्या लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : बी.ई. मेकॅनिकल होऊन तीन वर्षं झाली. एमपीएससी केली, दोनदा पूर्व परीक्षा निघाली, पुढे नाही. वय २५. आता खाजगीत कुणी घेईल का? गॅपचं काय सांगायचं?
— माजी विद्यार्थी, लातूर

घेतील, पण तुमच्याकडे वेळ मोजका आहे. पदवीधरांची अप्रेंटिसशिप नॅट्स (केंद्र सरकारची राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवरून होते आणि पास झाल्यापासून पाच वर्षांच्या आतलेच तिथे चालतात. म्हणजे तुमची दोन वर्षं उरली. कायद्याने ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या ऑटो-पार्ट कंपन्यांना त्यामुळे तुमची गरज आहे, हे लक्षात ठेवून बोला. मात्र ही अप्रेंटिसशिप एकदाच करता येते, आणि वर्षभर वा जास्त नोकरी झालेल्याला मिळत नाही. म्हणून पहिली मिळेल ती धरू नका. कोणत्या विभागात बसवणार, ते आधी विचारा. क्वालिटी, टूलरूम (साचे आणि हत्यारं बनवणारा विभाग) किंवा मेंटेनन्स मिळालं तर वर्ष सत्कारणी. वर्षभर लाइनवर नट आवळून घेणारेही आहेत.

दुसरी फसगत कंत्राटदाराच्या ‘ट्रेनी’ची. बॅज सारखाच, कँटीन एकच, पण नॅट्सचा करार नाही आणि शेवटी प्रमाणपत्रही नाही. करार पोर्टलवर तयार झाला का, हे रुजू होण्याच्या आठवड्यात तुमच्या लॉगिनमध्ये पाहा.

पीएम इंटर्नशिप योजनेच्या पथदर्शी टप्प्यात वयाची अट २१ ते २४ होती, ती तुम्ही ओलांडली. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ चालतं आणि पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन आहे. पण त्यात ग्रामपंचायत किंवा तहसील मिळण्याची शक्यता मोठी. मेकॅनिकलवाल्याने तिथे टेबलावर बसून महिने घालवावेत, असं आम्हाला वाटत नाही. हे घरच्यांना पटवायला कठीण जाईल, कारण ऑफिस सरकारी असतं.

गॅप लपवू नका. सीव्हीत सरळ एक ओळ: ‘राज्यसेवेची तयारी, पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण’, आणि वर्षं. मुलाखतीत खरा प्रश्न वेगळाच असतो: उद्या जाहिरात आली की पळणार का? त्याचं उत्तर आधी स्वतःशी ठरवा. पुन्हा फॉर्म भरणार असाल तर ‘नाही’ म्हणू नका. ‘वर्षाचा करार पूर्ण करणार’ एवढं सांगा आणि पाळा.

विसरलेलं उजळायला दोन महिने द्या: ड्रॉइंग वाचणं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने मोजणं. क्वालिटीच्या मुलाखतीत हातात जॉब (यंत्रावर बनवलेला सुटा भाग) देऊन ‘मोज’ म्हणतात आणि निम्मे तिथेच गळतात. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये कॅड-कॅम आणि सीएनसीचे अल्प मुदतीचे कोर्स असतात. मुंबई-पुण्याच्या महागड्या क्लासच्या आधी तिथली फी विचारा.

प्रश्न : बी.कॉम. झालंय, टॅली येतं. गावातल्या सीएंच्या ऑफिसात शिकायला मिळावं म्हणून तीन ठिकाणी गेले, ‘नंतर या’ म्हणाले.
— हिंगोली

तारीख चुकली असेल. जीएसटीचं विक्रीचं विवरण, जीएसटीआर-१, साधारण ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचं जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचं असतं, त्या दिवसांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. २२ ते ३० च्या दरम्यान, सकाळी ऑफिस उघडतानाच जा. आयकराच्या रिटर्नचा हंगाम सुरू होण्याआधी एप्रिल-मेमध्ये माणसं लागतात. ‘टॅली येतं’ सगळेच म्हणतात. ‘खरेदीची बिलं २बीशी जुळवून फरकाची यादी काढून देते’ असं म्हणा (२बी म्हणजे पोर्टलवर दिसणारी, पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी). येत नसेल तर घरच्या किंवा ओळखीच्या दुकानाची महिन्याची बिलं घेऊन करून बघा. आणि ती यादी सोबत न्या, दुकानाचं नाव झाकून.

प्रश्न : पुण्यात नोकरी करतो. नांदेडच्या आपल्या कॉलेजातल्या मुलांसाठी काही करायचंय. भाषण देऊ का?
— माजी विद्यार्थी

भाषण नको. प्लेसमेंट बघणाऱ्या सरांना एक ओळ लिहून द्या: तुमच्या विभागात वर्षातून कोणत्या महिन्यात, किती मुलं, कोणत्या कामासाठी घेता येतील. एक जागा असली तरी लिहा. वर पाच मुलांचे सीव्ही वाचून लाल शाईने दुरुस्त करा. मुलांना सांगून ठेवा की मेसेज ‘हाय सर’वर थांबवायचा नाही, नाव, वर्ष, काय हवं आणि कधीपर्यंत, हे पहिल्याच मेसेजमध्ये. नोकरीचा शब्द मात्र देऊ नका. गावाकडे तो आईवडिलांपर्यंत त्याच संध्याकाळी पोचतो.