लग्नाच्या एलईडी स्क्रीनसाठी वायरलेस ट्रान्समीटर-रिसीव्हर घेतला. दुपारी टेस्टिंगला चालतो, लग्न लागताना चित्र फुटतं. जास्त रेंजचा घेऊ का?

घेऊ नका. त्या पैशांत रिसीव्हर उंच बांधायला दहा फुटांचा पाइप आणि लांब एसडीआय वायर (कॅमेऱ्याचं चित्र लांबवर नेणारी) घ्या, तरी पैसे उरतील.

तुम्ही म्हणता खोक्यावर ४०० फूट छापलंय आणि तुमच्याकडे ऐंशी फुटांवरच मान टाकतो. तो आकडा मोकळ्या मैदानाचा असतो हो. त्या मैदानात वऱ्हाड नसतं.

हा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या चुलतभावाचं अजून जुळत नाही. मिक्सिंग युनिट, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांतून चित्र निवडून स्क्रीनवर सोडायचा सेट, आमचं भागीत आहे. चोपडा-यावल रस्त्यावरच्या एका लॉनवर मे महिन्यातलं लग्न होतं. रिसीव्हर भावाने मिक्सरच्या टेबलावर ठेवलेला, कारण तिथून एचडीएमआयची तोकडी वायर पुरते. दुपारी गिंबलवाला (कॅमेरा न हलू देणाऱ्या दांडीवर धरून फिरणारा) पोऱ्या कॅमेरा घेऊन गेटपर्यंत फिरून आला, चित्र एकदम स्वच्छ. संध्याकाळी मंडपवाल्याने पत्र्याचे दोन जंबो कूलर आणून नेमके टेबलापुढे लावले. मे महिन्यात, आमच्याकडे, कूलर हलवा म्हणायची कोणाची छाती नाही. मग वरात आली, लोक अक्षता घेऊन उभे राहिले, आणि पहिल्याच मंगलाष्टकाला स्क्रीनवर नवरदेवाचे चौकोन झाले. मग स्क्रीन काळी. पुढच्या सोफ्यावरून एका आजीने खणखणीत विचारलं, "पडदावर नवरदेव कोठे शे भो?"

भाऊ खाली बसून चॅनेल बदलत होता. प्रत्येक वेळी लिंक तुटून पुन्हा जुळायला जो वेळ जातो, तोही वाया. मी मंडपाचा एक शिल्लक पाइप उचलला, रिसीव्हर बॅटरीसकट त्याच्या टोकाला चिकटपट्टीने बांधला आणि पाइप स्टेजच्या कोपऱ्यात फुलांच्या खांबाला आवळला. स्टेजजवळ एक जादा एसडीआय वायर मी नेहमी टाकून ठेवतो, ती जोडली. बरं तर बरं, मंगलाष्टकं म्हणणारे मामा एकेक सूर चांगला ताणत होते, म्हणून तेवढा वेळ मिळाला. शेवटच्या मंगलाष्टकाला चित्र आलं ते जेवणावळी होईपर्यंत हललं नाही.

आणि भाऊ आजही चारचौघांत सांगतो की चित्र त्याने चॅनेल बदलला म्हणून आलं.

आता ऐका. हे सेट ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. ५.८ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम ५ सेंटिमीटरची, ती माणसाला वळसा घालून जात नाही. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाणी ही लहर पिऊन टाकतं. बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून सिग्नल जातो, म्हणून तुमचं लग्न लागेपर्यंत ठीक चालत असेल. लोक उभे राहिले की कमरेइतक्या टेबलावरचा अँटेना म्हणजे विहिरीत बसून वरात बघणं. शिवाय नुसती नजर पोचून भागत नाही. शंभर फुटांच्या अंतरात मधोमध त्या सरळ रेषेच्या चारही बाजूंनी दोनेक फूट मोकळे लागतात. म्हणून अँटेना डोक्यांच्या बरोबरीने नको, चांगला वर पाहिजे. अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद चौथाई होते, म्हणून रिसीव्हर मिक्सरजवळ नाही, कॅमेरा फिरतो तिथे ठेवायचा. पुढचं अंतर वायरने कापा. साधी एचडीएमआय १५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, एसडीआय एचडीला १०० मीटरच्या आसपास जाते. रिसीव्हरला एसडीआय नसेल तर कन्व्हर्टर लावा. फक्त तो पाइप एलईडी वॉलच्या मागे नको, ती भिंत म्हणजे लोखंड-ॲल्युमिनियमच आहे.

त्याच लॉनवर पुढच्या लग्नात मी चॅनेलला हात न लावता करून दाखवलं. गर्दीत टेबलावर चित्र फुटलं, पाइपवर जुळलं. त्यावर भाऊ म्हणतो, "त्या दिवशीची हवा वेगळी होती." हवा! तेव्हापासून तो हजार फुटांचा सेट घ्यायचं म्हणतोय आणि मी माझ्या वाट्याचे पैसे देत नाहीये.

चॅनेलला काहीच अर्थ नाही असं मात्र नाही. २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त केला. आता लॉनचा राउटर, पाहुण्यांचे हॉटस्पॉट, ड्रोनवाला, सगळे तिथेच. ड्रोनवाल्याला आधी विचारा तो कुठे आहे, आणि चॅनेल लग्नाआधी ठरवा. लग्न लागताना बटणं दाबू नका. अँटेना बसवल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करू नका, त्याच्या आतला पॉवर अँप्लिफायर जळू शकतो. कॅमेऱ्याचं एचडीएमआय आउटपुट ऑटोवर न ठेवता एकाच फॉरमॅटवर पक्कं करा. नाहीतर रेकॉर्डिंग सुरू होताच सिग्नल बदलतो, स्क्रीन काळी होते आणि तुम्ही बिचाऱ्या रिसीव्हरला शिव्या देता. बरेच सेट ४० अंशांपर्यंतच चालायचे असतात. आपल्याकडे मेमध्ये ४० सकाळी अकरालाच होतात, तेव्हा ट्रान्समीटर उन्हात तापवत ठेवू नका.

चित्र आवाजापेक्षा मागे पडतं अशीही तक्रार येईल. अशा सेटला ०.१ सेकंदाच्या आसपास उशीर लागतो, म्हणजे २५ फ्रेमला अडीच फ्रेम, त्यात मिक्सर आणि एलईडीचा प्रोसेसर आपापली भर घालतात. वरातीच्या नाचाला ते कोणाला कळत नाही. भाषणाला कळतं, तिथे माइकचा आवाज तेवढाच उशिराने सोडा.

मंगलाष्टकांचा मुख्य कॅमेरा मात्र वायरवरच ठेवा, सेट कितीही भारी असू दे. वायर पायात येते म्हणून मंडपवाला ओरडेल. ओरडू द्या, बिल तुमचं अडणार आहे, त्याचं नाही.