आजींच्या मांडीवर बाळ द्यायचं का?

"ताई, आईंना कसं सांगू, बाळाला घेऊ नका म्हणून?" एवढं बोलून तिला रडूच फुटलं. 21 दिवसांची बाळंतीण. लालबागच्या चाळीत एक खोली आणि पोटमाळा, वेगळं राहायला जागाच नाही. 74 वर्षांच्या सासूबाई आठवडाभर खोकत होत्या, पण त्यांचं एकच म्हणणं, "मला ताप नाही, कणकण नाही. चार नातवंडं याच मांडीवर वाढली."

पावसाळ्यात हा प्रश्न घेऊन अनेकजणी येतात. त्यातला अपराधीपणा मला फार लागतो. खोकला थांबेपर्यंत बाळाला लांब ठेवणं हा सासूबाईंचा अपमान नव्हे, हे मी तिला आधी सांगितलं.

बाळ नाजूक आणि आजी काटक, असं ती धरून चालली होती. खरं तर दोघंही नाजूक, पण कारणं निराळी. बाळाच्या शरीरानं अजून जंतू पाहिलेलेच नसतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून वारेतून जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं मिळतात, चिकाच्या दुधातून आणखी. ही शिदोरी काही महिन्यांत सरते. हिचं बाळ 35व्या आठवड्यातलं, म्हणजे शिदोरीही कमीच. डांग्या खोकल्याची लस असलेला पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात, तोही अजून व्हायचा होता.

आजींच्या शरीराला जुने जंतू पाठ असतात. पण जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी जिथे घडतात ती छातीतली थायमस ग्रंथी वयाबरोबर आकसते, त्यामुळे नव्या जंतूसाठी ताज्या दमाच्या पेशी थोड्या. लसही तरुणांइतकी लागू पडत नाही. आणि घरोघरी फसगत होते ती इथे: म्हातारपणी न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही. भूक जाते, माणूस गळून जातं, बोलण्यात गोंधळ होतो.

तान्ह्या बाळातही खुणा अशाच फसव्या. कधी तापाऐवजी अंग गार पडतं, बाळ दूध ओढत नाही. तीन महिन्यांच्या आत 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप भरला तर रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्यायचं. हे मी तिला कागदावर लिहून दिलं.

मग विचारलं, "आई नीट जेवतात ना?"

ती थबकली. "दोन दिवस नुसती पेज घेतायत. काल मला नणंदेच्या नावानं हाक मारली."

मी तिथूनच तिच्या नवऱ्याला फोन लावायला सांगितला. दुपारी एक्स-रे झाला. न्यूमोनियाच होता. आजींना सहा दिवस रुग्णालयात राहावं लागलं.

बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लसीला त्या सुनेबरोबर आल्या, खोकला पूर्ण थांबलेला. सुनेनं बाळ पुढे केलं तर म्हणाल्या, "थांब गं, आधी हात धुते." बाळाला मांडीवर घेऊन बसल्यावर मला विचारलं, "न्यूमोनियाची लस म्हाताऱ्यांनाही असते म्हणे. मला कधी देतील?"