मस्टरवर कोण, लाइनवर कोण?

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाडच आहे. 21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या तेव्हापासून चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, सातपूर सगळीकडून एकच सूर, आमचं काय होणार. व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज सकाळी एक नवीन कायदा निघतो. मी काही वकील नाही, 31 वर्षं शॉप फ्लोअरवर काढलीत, त्यातली 11 युनियनच्या कमिटीत. त्यामुळे वकिलाची फी वाचेल असं समजू नका, फक्त त्याच्याकडे जाऊन काय विचारायचं तेवढं कळेल.

प्रश्न : काका, मी आयटीआय फिटर आहे, चाकणला एका व्हेंडर कंपनीत (मोठ्या कंपनीला माल पुरवणारी) ठेकेदारामार्फत तिसऱ्यांदा लागलोय. दर सात महिन्यांनी ब्रेक देतात, पंधरा दिवस घरी बसवतात आणि परत घेतात, टोकन नंबर नवीन. आता एचआरवाले म्हणतायत फिक्स्ड टर्मवर घेतो, पर्मनंटसारखंच सगळं मिळेल. सही करू का?
– एक कामगार, मूळचा परभणीचा, सध्या खेड तालुका

उत्तर : बाळा, आधी हा सात महिन्यांचा आकडा आला कुठून ते समजून घे. आपल्या राज्याच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, 4-सी नावाचं कलम होतं, टेंपररी माणसाचे बारा महिन्यांत 240 दिवस सलग भरले की त्याला पर्मनंट करायचं. म्हणून सात महिने, सगळे रविवार धरले तरी 210 दिवसांवर गाडी थांबते. माझ्या शेजारच्या मशिनवर एक पोरगा होता, चुकून त्याचे 233 दिवस झाले, ऑफिसात कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सुपरवायझर गेटपास घेऊन धावत आला, तेव्हा जेवणाची सुट्टीसुद्धा झाली नव्हती, पोराने डबा न उघडताच परत नेला. कामगारांना संरक्षण म्हणून आणलेलं कलम, त्याचंच असं कॅलेंडर झालं.

आता स्टँडिंग ऑर्डरचा जुना कायदा गेला, त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आणि तिच्यात स्टँडिंग ऑर्डरची सक्ती 300 किंवा जास्त कामगार असतील तिथेच आहे. तुझ्यासारख्या व्हेंडरकडे बहुतेक त्यापेक्षा कमीच असतात. तेव्हा 240 चा धाक आता आधीसारखा राहिलेला नाही हे डोक्यात ठेव.

फिक्स्ड टर्म म्हणजे काय, तर ठेकेदार मध्ये नाही, कंपनीचं थेट पत्र, त्यावर मुदत लिहिलेली. त्याच कामावरच्या पर्मनंट माणसाला जे तास, जो पगार, जे भत्ते ते तुलाही द्यायचे असं कायदा सांगतो. ग्रॅच्युइटीला पर्मनंट माणसाची पाच वर्षं भरावी लागतात, तुझ्यासाठी एक वर्ष. समज बेसिक अधिक डीए 15,000 असेल तर 15 भागिले 26 गुणिले 15,000, म्हणजे वर्षाला साधारण 8,650 रुपये. ठेकेदाराकडे यातलं काय मिळत होतं ते तूच सांग. त्यामुळे ठेकेदाराचं कार्ड की कंपनीचं पत्र असं विचारशील तर डोळे झाकून पत्र घे.

पण मुदत संपली आणि पत्र नवीन केलं नाही तर त्याला कामावरून काढलं असं कायदा म्हणतच नाही, ती छाटणी नाही, तिची भरपाई नाही. पत्र किती वेळा नवीन करायचं यालाही मर्यादा नाही, दहा वर्षं दहा पत्रांवर काढता येतात. आणि पत्रावर मुदत 11 महिने दिसली तर समजून जा, सात महिन्यांच्या ब्रेकचाच हा थोरला भाऊ आहे, वर्ष भरू द्यायचं नाही. तसं असेल तर सही करायच्या आधी 12 किंवा जास्त महिन्यांचं पत्र माग, निदान तोंड उघडून विचार तरी.

आणखी एक, टोकन नंबर कितीही बदलू दे, तुझा पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा नंबर, एकच असतो. पासबुक आत्ताच डाउनलोड करून ठेव, तिन्ही वेळची नोकरी त्यात तारखेसकट सापडेल. कोर्टात हजेरीचं रजिस्टर हरवतं, पासबुक हरवत नाही. पुढच्या वेळी ब्रेक दिला तर हिशेबासाठी चकरा मारू नकोस, वेतन संहितेप्रमाणे फायनल पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहेत.

प्रश्न : साहेब, आमच्या युनियनचे 140 मेंबर, सगळे पर्मनंट. लाइनवर मात्र साडेचारशे पोरं, कोणी ट्रेनी, कोणी ठेकेदाराची, आणि आता 200 फिक्स्ड टर्म. काही जण म्हणतात पोरांना मेंबर करून घ्या, सीनियर लोकांचा विरोध आहे, म्हणतात करारात आपला वाटा कमी होईल. तुमचं मत काय?
– कमिटी मेंबर, तळेगाव एमआयडीसी

उत्तर : मत नंतर, आधी गणित. आपल्याकडे आतापर्यंत 1971 च्या राज्याच्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियन व्हायला 30 टक्के मेंबर पुरायचे. नवीन संहितेत एका युनियनला एकटीने करार करायचा असेल तर मस्टरवरच्या कामगारांपैकी 51 टक्के तिच्या मागे पाहिजेत. मस्टर म्हणजे मालकाचं कामगारांच्या नावांचं आणि हजेरीचं रजिस्टर, हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करा. ठेकेदाराचा माणूस ठेकेदाराच्या मस्टरवर, अ‍ॅप्रेंटिस तर कामगार म्हणून धरतच नाहीत, पण फिक्स्ड टर्मचा पोरगा कंपनीच्याच मस्टरवर असतो! म्हणजे तुमचे 140 अधिक ते 200, झाले 340. त्याचे 51 टक्के 174. तुमच्याकडे 140. काल शंभर टक्क्यांची युनियन होती ती आज एकही मेंबर न सोडता 41 टक्क्यांवर आली, कुणी फोडली पण नाही.

बरं, 51 कुणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद होते, ज्या युनियनकडे निदान 20 टक्के आहेत तिचे प्रतिनिधी त्यात. म्हणजे उद्या कुणी त्या 200 पोरांना चहा पाजून 70 सह्या गोळा केल्या की करारात समोर मॅनेजमेंट आणि शेजारी दुसरी युनियन. दोन युनियन झाल्या की काय होतं ते पिंपरीत जुन्या लोकांना विचारा. टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) कामगार नेते राजन नायर यांच्यामागे हजारो कामगार होते, दुसऱ्या युनियनबरोबर कंपनीने वेतन करार केला, आणि सप्टेंबर 1989 मध्ये शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसलेल्या माणसांना पोलिसांनी रात्रीतून बसमध्ये भरून नेलं. मागण्या बरोबर की चूक यावर आजही वाद घालणारे भेटतील, माणसं दोन बाजूंना वाटली गेली यावर मात्र कुणाचा वाद नाही.

आता मत. सीनियर लोकांना सांगा की वाटा कमी होईल ही भीती मी पण बाळगली होती. आम्ही तीन करार असे केले की वाढ पर्मनंटला आणि वाढीव प्रॉडक्शन सगळ्यांनी, सायकल टाइम, म्हणजे एका नगाला मिळणारा वेळ, आमच्या सहीने कमी झाला आणि तो ओढत होती टेंपररी पोरं, आम्ही मागे स्टूलवर बसून. चौथ्या कराराला गेट मीटिंग घेतली तर लाइन चालूच राहिली, आमच्यावाचून. त्या दिवशी मॅनेजरने आम्हाला बोलावून चहा दिला होता, फार गोड बोलला.

प्रश्न : सगळ्यांनी मिळून एक दिवस सीएल टाकली तर संप होतो का? आमचा प्रतिनिधी म्हणतो सुट्टी हा आपला हक्क आहे. – वाळूज

उत्तर : प्रतिनिधीला हा अंक दाखवा. 50 टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर संहितेत तो संपच धरलाय. आणि संपाला आधी 14 दिवसांची नोटीस लागते, समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर 7 दिवस संप करता येत नाही. बेकायदेशीर संपाला कामगाराला 1,000 ते 10,000 दंड किंवा एक महिना कैद किंवा दोन्ही. बाकी 14 दिवसांच्या नोटिशीवरून पेपरात जी बोंब झाली ती आपल्या राज्याला तितकीशी लागू नाही, 1971 च्या कायद्यात ती होतीच, आम्ही स्वतः नोटिसा टाइप करून दिल्यात. खरी अडचण ही की कामगार अधिकाऱ्याने बोलणी सुरू केली की घड्याळ थांबतं, आणि बोलणी लांबवायला कोण नाही म्हणतो.

संपाचं म्हणाल तर 2013 मध्ये चाकणला बजाज ऑटोचा संप 25 जूनला सुरू झाला आणि 50 दिवस चालला. दिलीप पवारांच्या युनियनची मागणी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर एक रुपयाने द्या. कल्पना भारी होती, मला आजही आवडते, पण शेअर काही मिळाले नाहीत. कंपनीचे वाळूजला आणि उत्तराखंडात पंतनगरलाही प्लांट होते, संप मात्र चाकणला.

प्रश्न : भाऊ, बारा तासांची शिफ्ट होणार म्हणे. नाही म्हणता येतं का? – रांजणगाव, दोन मुलांची आई, असेंब्ली लाइन

उत्तर : ताई, म्हणता येतं. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यात दिवसाला 9 ऐवजी 12 तासांपर्यंत कामाला मंजुरी दिली, तिमाहीचा ओव्हरटाइम 115 वरून 144 तास केला, पण ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती सांगितलीय. ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दरानेच. नाइटलाही तुमची संमती लागते. आता संमतीचा फॉर्म जॉइनिंगच्या वीस कागदांत घुसवून सही घेतात ही गोष्ट वेगळी, म्हणून कागद वाचा, फोटो काढून ठेवा. चार दिवस बारा तास, तीन दिवस सुट्टी असं गाजर दाखवतील, कागदावर 48 च होतात. पण बस कुठे धरलीय त्यात? तळेगाव चौकात आणि मोशीला बस अडकते तो वेळ कुणाच्याच मस्टरवर नाही. बारा तास लाइनवर उभं राहिलेल्या बाईला घरी गेल्यावर पोळ्या पण लाटायच्या असतात हे ज्या टेबलावर ठरलं तिथे कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : मी मूळचा निगडीचा, आता मिशिगनमध्ये वाहन कंपनीत इंजिनिअर. इथे 2023 चा संप डोळ्यांनी पाहिला. आपल्याकडे असं का जमत नाही?

उत्तर : तिथेही आधी जमत नव्हतंच की. 2007 च्या करारात तिथल्या युनियनने नवीन भरतीला साधारण निम्म्या पगारावर घ्यायला मान्यता दिली, एकाच लाइनवर दोन पगार. आपल्या सात महिन्यांच्या ब्रेकची चुलत बहीण. ते निस्तरायला 16 वर्षं लागली. 15 सप्टेंबर 2023 ला फोर्ड, जीएम आणि स्टेलँटिस तिन्हींवर एकदम संप, पण सुरुवातीला एकेकच प्लांट बंद, पुढचा कुठला ते कंपनीला माहीत नाही. मिळालं काय तर साडेचार वर्षांत 25 टक्के वाढ, टॉपचा पगार गाठायला आठऐवजी तीन वर्षं, आणि टेंपररींना पर्मनंट व्हायचा रस्ता. टेंपररींचा प्रश्न मागणीपत्रात वरती होता, शेवटच्या पानावर नाही.

आणखी एक फरक आहे तो फारसं कुणी बोलत नाही. संपावर असताना त्यांना युनियनच्या फंडातून आठवड्याला 500 डॉलर मिळत होते. मी रिटायर झालो तेव्हा आमच्या युनियनच्या खात्यात जेवढे होते त्यात सगळ्या मेंबरांना दोन दिवस वडापाव आणि चहा झाला असता. सत्यनारायण आणि गणपतीचा खर्च त्यातूनच जायचा, आणि दरवर्षी हिशेब वाचणारा मीच होतो.