स्नोमोबाइलमध्ये १ पीएसआय बूस्ट वाढवला तर किती हॉर्सपॉवर वाढते?

बूस्ट म्हणजे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) बाहेरच्या हवेपेक्षा जो जास्तीचा दाब देतो तो; पीएसआय म्हणजे पाउंड प्रति चौरस इंच. आदर्श स्थितीत: इंजिनाची टर्बोशिवायची समुद्रसपाटीवरची एचपी (हॉर्सपॉवर) भागिले १४.७, म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब पीएसआयमध्ये. १६५ एचपीच्या ८५० सीसी टू-स्ट्रोकला म्हणजे दर पीएसआयमागे साधारण ११ एचपी. पण समजा ६ पीएसआय बूस्टला एकूण किती एचपी मिळेल असं विचारलं, तर ते उंची सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

बूस्ट गेज बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे तेवढंच दाखवतं. इंजिनाला मात्र एकूण दाब कळतो. समुद्रसपाटीवर १४.७ अधिक ६ म्हणजे २०.७ पीएसआय, म्हणजे कागदावर २३२ एचपी. कोलोरॅडोत १०,००० फुटांवर हवेचाच दाब १०.१. तिथे हेच इंजिन टर्बोशिवाय जेमतेम ११३ देईल आणि ६ पीएसआयने १८० वर जाईल. काटा तोच, फरक ५० एचपीचा! २०२१ च्या स्की-डू समिट टर्बो या स्नोमोबाइलचा दावाही ८,००० फुटांपर्यंत १६५ एचपी टिकवण्याचा होता; तो बूस्ट मुख्यतः उंचीचा तोटा भरून काढायला होता.

आता कागदावरून बर्फावर या. हवा दाबली की तापते. उणे १० अंशांची हवा १०.१ वरून १६.१ पीएसआयला नेली, कॉम्प्रेसरची (टर्बोचा हवा दाबणारा भाग) कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर ती ४८ अंशांच्या आसपास बाहेर पडते. तापलेली हवा विरळ, त्यामुळे १८० चे १४७ च उरतात. इंटरकूलरने (दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग) २० अंशांवर आणली तर १६१. म्हणून बूस्ट वाढवण्याआधी इंटरकूलरवर खर्च करा, असं मी ठामपणे सांगेन.

बूस्ट वाढूनही जोर वाढत नसेल तर टर्बाइन (एक्झॉस्टने फिरणारं टर्बोचं चाक) लहान आहे का ते बघा. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पाइपात दाब तुंबला की जळका वायू सिलिंडरमधून नीट निघत नाही, ताजी हवा आत शिरत नाही. गेजवर आकडा चढतो तो हवा अडल्यामुळे.

दुसरा संशय क्लचवर. वाढलेल्या ताकदीला प्रायमरी क्लचची (इंजिनाला जोडलेला, पट्टा फिरवणारा क्लच) वजनं हलकी पडली की आरपीएम पॉवरच्या शिखरापलीकडे पळतात आणि वाढलेली एचपी ट्रॅकपर्यंत (बर्फावर गाडी ढकलणारा पट्टा) पोचतच नाही. क्लचमधल्या वजनाच्या दर हाताला १-२ ग्रॅम वाढवत, फुल थ्रॉटलला आरपीएम शिखरावर स्थिरावेपर्यंत जुळवा.

बूस्ट एका वेळी १ पीएसआयच वाढवा, इंधनाचा मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) त्याबरोबर बदला आणि एका चढाच्या दमदार फेरीनंतर इंजिन लगेच बंद करून स्पार्क प्लग काढा. पांढऱ्या पोर्सेलिनवर भिंगाखाली चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे, म्हणजे डेटोनेशन (इंधनमिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट) सुरू झालंय. बूस्ट तिथेच उतरवा. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल किंवा कमी कॉम्प्रेशनचं हेड बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका.