हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तर ते दगडासारखं खाली पडतं का?

तुम्ही लिहिलंय की प्रचाराच्या वेळी तुमच्या गावाबाहेरच्या मैदानात नेत्याचं हेलिकॉप्टर उतरलं. तेव्हा एकजण छातीठोकपणे म्हणाला, "विमान निदान तरंगत तरी येतं, याचं इंजिन बंद पडलं की खेळ खल्लास." हे खरं का, आणि असं काही आपल्या वावरात येऊन पडलं तर काय करायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी हवाई दलात चेतक हेलिकॉप्टरच्या इंजिनांवर फिटर होतो, आता यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. तुमच्या त्या मित्राचं म्हणणं अर्धंही खरं नाही.

हेलिकॉप्टरला वर धरून ठेवतात ती पाती. इंजिनाचं काम फक्त ती फिरवायचं. दोघांच्या मधे एक फ्रीव्हील असतं, सायकलला असतं तसंच. पायडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, तसं इंजिन बंद पडलं की ते आपोआप सुटं होतं आणि पाती मोकळी फिरत राहतात. पुढच्या वेळी हेलिपॅडवर गेलात तर कान देऊन ऐका. पायलटने इंजिन बंद केलं की त्याची शिट्टी उतरत जाते, पण पाती बराच वेळ फटफट करत फिरतात.

पण फिरती पाती हवेत लगेच मंदावतात. म्हणून पायलटला पहिलं काम करायचं ते डाव्या हाताचा दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, ताबडतोब खाली दाबायचं. त्याने पात्यांचा तिरपेपणा कमी होतो, हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं आणि खालून वर येणारी हवाच पाती फिरवायला लागते. पात्याचा मधला भाग ओढतो, टोकाचा भाग अडवतो आणि दोघांचा मेळ बसला की फेरे टिकून राहतात. याला ऑटोरोटेशन म्हणतात. चेतकच्या पात्यांचे फेरे मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास असतात. ते टिकले तर सगळं टिकलं. दांडा दाबायला हाताशी मोजके सेकंद असतात. हलक्या पात्यांच्या लहान यंत्रांत तर जेमतेम एखादा. तिथे विचार करत बसलेला पायलट गेला.

शेपटीचा पंखाही चालूच राहतो, कारण तो मोठ्या पात्यांच्या गिअरबॉक्सलाच जोडलेला असतो. हँगरमध्ये चेतकचं मोठं पातं हाताने ढकललं की मागे तो छोटा पंखाही गरगर फिरायचा. नवीन पोरांना मी हेच करून दाखवायचो. म्हणजे इंजिन गेलं तरी यंत्र वळवता येतं.

उतरण्याचा वेग मिनिटाला साधारण दीड-दोन हजार फूट. एक हजार फुटांवरून जमिनीला टेकायला अर्धा मिनिट, आणि तेवढ्यात फार तर किलोमीटरभर पुढे जाता येतं. जागा त्याच टप्प्यात शोधायची. शेवटी जमिनीजवळ नाक वर उचलून पुढचा वेग मारायचा आणि दांडा वर ओढून पात्यांत साठलेला जोर एकदाच वापरायचा. एकदाच, कारण तो लगेच संपतो. लवकर ओढला तर वरूनच आदळतं, उशिरा ओढला तर ओढलाच नाही असं.

प्रशिक्षणात पायलट हे पुन्हा पुन्हा करतात. मागे बसलेल्या आम्हा लोकांच्या पोटात खड्डा पडायचा, ते सोडा.

मोठा दाखला फ्रान्समधला आहे. २१ जून १९७२ रोजी जाँ बूले या पायलटने लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. तिथे इंजिन विझलं आणि पुन्हा लागेना. तो तिथपासून जमिनीपर्यंत इंजिनाशिवाय सुखरूप उतरला. उंचीच्या विक्रमाबरोबर सगळ्यात लांब ऑटोरोटेशनचा विक्रमही त्याच्या नावावर लागला. हेच लामा आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने चीता नावाने बनवलं, आणि त्याचं आर्टुस्ट इंजिन चेतकच्याच घराण्यातलं.

मग भीती कशाची? उंची थोडी आणि वेग नाही, याची. दोन-चारशे फुटांवर एका जागी तरंगणाऱ्या यंत्राचं इंजिन गेलं तर पात्यांना हवा भरायला ना वेळ मिळतो ना उंची. चार-पाच फुटांवर गेलं तर धप्पकन बसतं, उंचावर गेलं तर वेळ मिळतो. मधला पट्टा वाईट. लग्नात किंवा सभेत गर्दीवर थांबून पुष्पवृष्टी करतात ना, ते नेमकं याच पट्ट्यात. दोन इंजिनं असली तर धोका घटतो, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा विरळ होते, आणि उरलेल्या एका इंजिनावर भरलेलं यंत्र जागीच तरंगत ठेवणं अवघड. फुलं माणसांनी खालूनच उधळावीत, असं माझं मत. नवरदेवाला राग आला तर येवो.

दुसरी भीती तारांची. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांना लागून खाली आलं. सगळे वाचले. आपल्या भागात मोठ्या वीज केंद्रांच्या वाहिन्या लांबून दिसतात, त्यांचं एवढं भय नाही. शेतपंपाची एकटी तार आणि रोही-डुकरांसाठी धुऱ्यावर ओढलेली तार वरून दिसतच नाही. खांब दिसला की तार आहे असंच धरायचं, हे पायलटला शिकवलेलं असतं.

वावर कसं हवं, तर सोयाबीन निघालेलं दसरा-दिवाळीच्या सुमाराचं रान उत्तम. हरभराही चालेल. उभी पऱ्हाटी, तूर, वरूड-मोर्शीकडचा संत्र्याचा बगीचा नको. गडचिरोलीच्या जंगलावरून उडणाऱ्याला तर नदीचं पात्र किंवा रस्ताच शोधावा लागतो. पावसाळ्यातली काळी माती फसवी: पुढे थोडाही वेग राहिला तर चाक रुततं आणि यंत्र पालथं होतं. कुठे पालापाचोळा जळत असेल तर पायलट त्या धुरावरून वारा ओळखतो आणि वाऱ्याला तोंड देऊन उतरतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, म्हणजे वावरात उतरलंच तर. पाती पूर्ण थांबेपर्यंत धावत जाऊ नका. मंदावलेली पाती खाली लवतात आणि वाऱ्याच्या झोताने डोक्याच्या उंचीवर येतात. शेपटीकडून तर अजिबात नाही, मागचा पंखा फिरताना दिसत नाही. समोरून, पायलटला दिसाल असे जा आणि त्याने हात केल्यावरच पुढे व्हा. जमीन उताराची असेल तर खालच्या अंगाने. बिडी-सिगारेट लांब ठेवा, इंधन सांडलेलं असू शकतं. तार तुटून पडली असेल तर आधी वीज बंद करायला सांगा, आणि एकाने ११२ ला फोन लावून गावाचं नाव, फाटा, शिवार नीट सांगावं. पोरांना आणि मोबाईलवाल्यांना धुऱ्याच्या पलीकडे अडवायला दोन आडदांड माणसं उभी करा.

आत माणसं जखमी असतील आणि आग नसेल, तर त्यांना ओढून काढू नका. सरळ खाली आदळल्याचा मार मणक्यावर बसतो. हलवायचं काम ॲम्ब्युलन्सवाल्यांवर सोडा. आग किंवा धूर दिसला तर मात्र थांबायचं नाही, पट्टा कापायला विळा घेऊनच जा.