इंग्लंडमधल्या छोट्या नद्या दिसायला स्वच्छ असतात, मग त्या आजारी आहेत असं का म्हणतात?

हेरफर्डशायरमधली लग नदी घ्या. वेल्समध्ये उगम पावते, लेम्स्टरवरून वाहत पुढे वाय नदीला मिळते. काठ हिरवागार. तरीही 2023 मध्ये 'नॅचरल इंग्लंड' या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेने तिची स्थिती प्रतिकूल आणि आणखी खालावणारी ठरवली.

मुख्य दुखणं फॉस्फरस या वनस्पतींच्या पोषकद्रव्याचं. सांडपाण्यातूनही तो येतो, पण मोठा वाटा शेतीचा. वायच्या खोऱ्यात कोंबडीपालन प्रचंड वाढलं. कोंबडीखत वर्षानुवर्षं शेतात पडत गेलं, पिकांना लागतो त्याहून जास्त फॉस्फरस मातीत साठला आणि पावसाबरोबर तो नदीत उतरतो. त्यावर शेवाळ माजतं, तळापर्यंत ऊन पोचत नाही, पाणवनस्पती मरतात. रात्री शेवाळच ऑक्सिजन ओढतं आणि मासे गुदमरतात. म्हणजे वरून दिसणाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवू नका. विरघळलेला फॉस्फरस डोळ्यांना दिसतच नाही.

नव्या घरांचं सांडपाणी या फॉस्फरसमध्ये भर घालेल म्हणून 2019 पासून लगच्या खोऱ्यात नव्या घरांच्या परवानग्या अडकल्या. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण मुख्य भार घरांचा नव्हताच. आधी खत खोऱ्याबाहेर न्यायला हवं. तरी मातीतला जुना साठा पुढची अनेक वर्षं झिरपत राहणार.