हौशी सायकलस्वाराला टूर द फ्रान्सचा टप्पा चालवता येतो का?

येतो की! त्यासाठीच 'लेताप द्यु तूर' आहे. १९९३ पासून, बहुतेक जुलैमध्ये, टूर या व्यावसायिकांच्या सायकल शर्यतीचा एखादा डोंगरी टप्पा हौशी मंडळींना चालवायला मिळतो. रस्ता वाहनांना बंद आणि हजारो सायकली.

२०२२ चंच घ्या. ब्रियाँसाँ ते आल्प द्युएझ, साधारण १७० किमी. वाटेत गालिबिए खिंड (२,६४२ मीटर, आपल्या कळसूबाईहून जवळजवळ हजार मीटर उंच), मग क्रुआ द फेर ही दुसरी खिंड, आणि पाय पार गळून गेल्यावर शेवटी आल्पची २१ वळणं : १३.८ किमी, सरासरी ८.१ टक्के चढ. वळणांवरच्या पाट्या उलट्या मोजतात, खाली २१ आणि वर १. ब्रिटिश व्यावसायिक सायकलपटू टॉम पिडकॉकने चारच दिवसांनी टूरमध्ये हा टप्पा पाच तासांच्या आत मारला. हौशींना दुप्पट वेळ लागला तरी त्यात लाज कसली!

भीती चढापेक्षा वेळेची जास्त. ठरलेल्या वेळेत पुढे सरकला नाहीत तर मागून येणारी बस गाठते आणि राइड तिथेच संपते. त्यामुळे खाण्यापिण्याच्या थांब्यांवर गप्पा छाटत बसू नका.

सराव पुण्यात करणार असाल तर सिंहगड एकदा चढून भागणार नाही, लागोपाठ दोन-तीनदा चढा. पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४ दातांचं गिअर लावा. पातळ जॅकेट खिशात हवंच. गालिबिएच्या उतारावर जुलैतही बोटं बधिर होतात, ब्रेक धरवत नाही.